पंच्याऐंशीवा चेंडू

सप्टेंबरात आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या तळघरात मुलांच्या बेसबॉल लीगची वार्षिक सभा होती. आलेली माणसं नऊ. जुन्या अध्यक्षांचा मुलगा तेरा वर्षांचा होऊन पुढच्या वयोगटात गेला होता आणि सहा वर्षं काम करून ते थकले होते. "कोण घेतंय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मी हात वर केला, कारण कुणीच पुढे आलं नसतं तर येत्या वसंतात माझ्या मुलीला खेळायला जागा उरली नसती.

मी मूळची नाशिकची, सासर लासलगावचं. न्यू जर्सीत येऊन सोळा वर्षं झाली. बेसबॉलशी माझी ओळख झाली ती स्कोअरबुकातून. माहेरी बाबा क्लबच्या क्रिकेट सामन्यांचं गुणलेखन करायचे आणि मी शेजारी बसून पेन्सिलींना टोकं काढून द्यायचे. लेक पाच वर्षांची असताना टीबॉल, म्हणजे खुंटीवर ठेवलेला चेंडू मारायचा लहानग्यांचा बेसबॉल, खेळायला लागली, तेव्हा तिच्या कोचने विचारलं, कुणी वही सांभाळेल का? मी घेतली. खेळ मला त्या वहीने शिकवला.

आमची लीग ज्या संघटनेत मोडते त्या लिटल लीगची सुरुवात १९३९ साली पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्टला झाली. कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने तीन संघ उभे केले आणि प्रत्येकाला एकेक स्थानिक व्यापारी गाठून दिला. एक दूधवाला, एक लाकडाचा व्यापारी, एक प्रेट्झेलवाला. आजही गावोगावच्या लीग अशाच चालतात. आमच्या गावात एका संघाच्या पाठीवर भारतीय किराणा दुकानाचं नाव आहे, दुसऱ्याच्या पाठीवर दातांच्या डॉक्टरांचं. बोर्डावरच्या कुणाला पगार नाही. अध्यक्ष, खजिनदार, सुरक्षा अधिकारी, संघनिवड बघणारा प्लेअर एजंट, सगळे कुणाचे तरी आईबाप.

ऑक्टोबर ते मार्च हे सगळं कागदांचं काम होतं. चार्टरचं, म्हणजे लिटल लीगच्या नावाने लीग चालवायच्या परवान्याचं, नूतनीकरण, विमा, सुरक्षेचा आराखडा, मैदानांच्या परवानग्या. ते एकामागून एक करत गेलं की होतं. अवघड गेली ती स्वयंसेवकांची तपासणी. मुलांच्या आसपास नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी अर्ज भरायचा आणि त्याची गुन्हेगारी नोंद तपासायची, हा नियम आहे. दहा-दहा वर्षं कोचिंग केलेली माणसं दुखावतात. एक गृहस्थ मला म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी त्यांना माझा भरलेला अर्ज दाखवला. सगळ्यात पहिला तोच गेला होता. ज्या आईने तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही ती आपलं पोर तुमच्या ताब्यात देऊन कामाला जाते, तिच्यासाठी हे आहे, असं मी त्यांना सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा अर्ज आला.

नोंदणी मात्र पोटात गोळा आणणारी होती. बारा वर्षांपर्यंतच्या गटात आमच्याकडे पूर्वी आठ संघ व्हायचे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी जेमतेम पाच भरले. ज्यांना परवडतं ते आता मुलांना निवडक मुलांच्या, भरपूर फी घेणाऱ्या फिरत्या संघांत घालतात. दर शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, हॉटेल, महागडे कोच. त्या पालकांना मी दोष देत नाही. पण त्या संघांत निवडलं न गेलेल्या मुलाने कुठे जायचं? आमच्याकडे कुणाला परत पाठवत नाहीत. नाव नोंदवलं की संघ मिळतो, आणि प्रत्येक सामन्यात प्रत्येकाला मैदानात उतरवावंच लागतं, बॅटही हातात द्यावीच लागते. मला ही लीग जगवायची होती ती या एका नियमासाठी.

म्हणून मी दारोदार गेले. मंदिरात महाप्रसादाच्या रांगेत पत्रकं वाटली, रविवारच्या मराठी शाळेत पालकांशी बोलले, चर्चबाहेर स्पॅनिश बोलणाऱ्या आयांना भेटले. तिथे माझ्यासोबत आमच्या खजिनदार बाई होत्या, त्या मूळच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "क्रिकेट नाही का तुमच्याकडे?" आणि मुलगी असेल तर दुसराही ठरलेला, "मुलींना घेतात?" मग मी मारिया पेपेची गोष्ट सांगायचे. हॉबोकेन आमच्यापासून गाडीने तासाभरावर. तिथे १९७२ साली बारा वर्षांची मारिया तीन सामने खेळली, आणि मुलगी खेळवली तर गावाचा चार्टर काढून घेऊ, असं वरून कळवण्यात आलं. तिला संघ सोडावा लागला. प्रकरण न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागापुढे गेलं, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ साली लिटल लीगने नियम बदलला. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. माझी लेक पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. ती माउंडवर, पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, उभी राहते तेव्हा मला त्या न पाहिलेल्या मुलीची आठवण येते.

मार्चअखेर सहावा संघ झाला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझे सासरे, अण्णा, सहा महिन्यांसाठी आले. लासलगावच्या बाजार समितीत त्यांनी आयुष्यभर कांद्याच्या गोण्या मोजल्या. घरी बसून कंटाळतील म्हणून मी त्यांना पहाटे मैदानावर न्यायला लागले. रात्रभर पाऊस झाला की आतल्या मातीत तळी साचतात. आधी स्पंजाने पाणी टिपायचं, मग माती वाळवायची दाणेदार भुकटी टाकायची, दाताळ्याने उकरायचं, साखळीची जाळी ओढून सपाट करायचं आणि शेवटी फक्की मारायची. अण्णांनी पहिल्याच दिवशी मूठभर माती उचलून दाबली, बोटं उघडली आणि म्हणाले, "अजून तासभर थांब. आत्ता ओढलीस तर ढेकळं होतील." मी थांबले. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून सामना होणार की नाही, हे मी अण्णांना विचारून ठरवायला लागले.

दुपारी ते होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या, जाळीपाशी खुर्ची टाकून बसायचे. नियम त्यांना माहीत नव्हते. मी एवढंच सांगितलं होतं की पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजतात, मुलांचे हात जपण्यासाठी. लहान वयात फार चेंडू टाकले की कोपर आणि खांदा कायमचे दुखावतात. म्हणून २००७ पासून लिटल लीगमध्ये चेंडूंची मर्यादा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बाराच्या मुलाला ८५. सहासष्ट किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. अण्णांना हे एकदम पटलं. "हमालालाही किती गोण्या झाल्या ते बघूनच थांबवायचं असतं," असं म्हणून त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि गोण्या मोजायचे तशाच रेघा ओढायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी.

जूनमधला उपांत्य सामना. सहावी, म्हणजे शेवटची इनिंग. दोन बाद, एक धावेची आघाडी, तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकाच टप्प्यावर, प्रतिस्पर्धी संघाचा धावपटू. आघाडीवरच्या संघाचा पिचर बारा वर्षांचा होता आणि त्या संघाचे मॅनेजर त्याचे वडीलच. तेवढ्यात अधिकृत मोजणी करणाऱ्या ताईंनी अंपायरला खूण केली : ८५ झाले. अंपायर होता पंधरा वर्षांचा, आमच्याच लीगमध्ये वाढलेला. तो मॅनेजरकडे गेला. वडील म्हणाले, "माझ्या वहीत ७९ आहेत." त्यांचा आवाज चढला. तो मुलगा मास्क हातात धरून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी आत गेले ती त्याच्यासाठी.

मी एवढंच म्हणाले की बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, त्याच्याशी नाही. मग आम्ही दोन्ही वह्या इनिंगप्रमाणे ताडून पाहिल्या. तिसऱ्या इनिंगमध्ये फरक होता. त्यांच्याकडे १२, अधिकृत वहीत १८. मला ती इनिंग आठवत होती. एका बॅटरने ओळीने सहा फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारले होते. दोन स्ट्राइकनंतर फाउलने गुणफलकावर काही बदलत नाही, म्हणून ते वहीत लिहायचं राहून जातं. पण हाताला ते चेंडू टाकावेच लागलेले असतात. जाळीपलीकडून अण्णा सगळं बघत होते. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण दोन वह्या शेजारी ठेवून बोटं फिरवणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी आपली वही जाळीच्या भोकातून माझ्याकडे सरकवली. १३, ११, १८, १६, १५, १२. बेरीज ८५.

निर्णय अधिकृत वहीवरच झाला, तसाच तो व्हायला हवा होता. पण त्या वडिलांनी अण्णांच्या रेघा बराच वेळ पाहिल्या. मग माउंडवर जाऊन त्यांनी मुलाच्या हातातून चेंडू घेतला. मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. नवीन पिचरच्या दुसऱ्याच चेंडूवर फटका बसला, बरोबरी झाली आणि जादा इनिंगमध्ये तो संघ हरला. दोन आठवडे ते वडील माझ्याशी बोलले नाहीत. मला रात्री झोप लागत नव्हती. निर्णय बरोबर होता याबद्दल शंका नव्हती, तरी त्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

लगेच ऑल-स्टार संघाची, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघाची, धावपळ सुरू झाली. जिल्हा स्पर्धेत जायचं तर प्रत्येक खेळाडूची फाइल लागते : मूळ जन्मदाखला, वेगवेगळ्या तीन गटांतले पत्त्याचे पुरावे नाहीतर शाळेचं पत्र, आणि हद्दीच्या नकाशावर घर कुठे आहे ती खूण. एक कागद कमी पडला तर ते मूल बाहेर. आमच्यातला एक मुलगा सोलापुरात जन्मलेला. आईबापांकडे दाखल्याची झेरॉक्स होती, मूळ दाखला आजीच्या कपाटात. मावशीने तो दुसऱ्या दिवशी कुरियरला दिला आणि फाइली तपासायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात पोचला. पाकिटात दाखल्यासोबत शेंगदाण्याच्या चटणीची पुडीही होती.

ज्याला मी थांबवलं होतं तो मुलगाही त्या संघात निवडला गेला. पहिल्या सरावाला त्याचे वडील त्याला सोडायला आले, गाडीतून उतरले आणि जाळीपाशी अण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात मोजायचं नवीन क्लिकर होतं. ते कसं दाबायचं हे त्यांनी अण्णांना खुणांनी दाखवलं. अण्णांनी दोनदा दाबून पाहिलं, मान डोलावली आणि परत केलं. "रेघेला सेल लागत नाही," असं ते मला मराठीत म्हणाले आणि मी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. पुढच्या सामन्याला ते गृहस्थ छोटी वही घेऊन आले.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघांनी बेस उपटून शेडमध्ये ठेवले, खाऊच्या टपरीतलं पाणी बंद केलं, थंडीत फुटू नयेत म्हणून नळ रिकामे केले आणि माउंडवर ताडपत्री घालून कडेला विटा ठेवल्या. घरी आल्यावर अण्णांचा फोन आला. ताडपत्रीखाली पाणी जाणार नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. उताराच्या बाजूला आणखी दोन विटा ठेवायला मी रविवारी परत जाऊन आले.