प्रोजेक्टरचं कॅलिब्रेशन : एका काळ्या रंगापायी सहा रात्री

सुनेची पहिली संक्रांत मुलाने फोर-केमध्ये शूट केली होती. तिच्या अंगावर माझी जुनी चंद्रकळा आणि त्यावर हलव्याचे दागिने. पुढे दोघं बंगळुरूला गेली, तेव्हा मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमधल्या त्यांच्या खोलीत आम्ही प्रोजेक्टर बसवून घेतला आणि सगळ्यात आधी तोच व्हिडिओ लावला. १०० इंची पडद्यावर साडीच्या जागी काळा डाग, हलव्याच्या जागी पांढरा डाग. निऱ्या नाहीत, हलव्याचे काटे नाहीत. ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, आणि त्यात साडीची एक निरी दिसू नये?

ज्या दुकानातून घेतला तिथल्या माणसाने 'उद्या येतो' म्हणत तीन आठवडे काढले. आला तो भर दुपारी. खिडकीचे पडदे उघडे, तशातच मेनूमध्ये ब्राइटनेस वाढवला आणि म्हणाला, "काकू, तुमचा स्क्रीनच चुकलाय. ग्रे स्क्रीन घ्या, आमच्याकडे आहे." हे तर पैसे काढायलाही तयार झाले होते. मी म्हटलं, थांबा, आधी मी बघते.

मांडणीत काही अडलं नाही. लेन्स शिफ्टने, म्हणजे नुसती लेन्स सरकवून, चित्र चौकटीत बसवलं आणि कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय, पूर्ण बंद केलं. ते चित्र आतल्या आत वाकवतं आणि बारकावा तिथेच जातो. 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' लावला. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा रात्रभर थेट खोलीत येतो, म्हणून ब्लॅकआउट पडदे लावले.

अडलं ते काळ्यापाशी. टेस्ट पॅटर्न, म्हणजे चित्र तपासायच्या तयार आकृत्या, फुकट मिळतात. त्यातल्या एकात काळ्या पार्श्वभूमीवर गडद पट्टे असतात, प्रत्येकावर आकडा. उजेडाच्या ० ते २५५ या मापात व्हिडिओतला काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. १६ आणि त्याखालचे पट्टे दिसता कामा नयेत, १७ नंबरचा जेमतेम दिसायला हवा. माझ्याकडे पंचविशीपर्यंत काहीच दिसेना. ब्राइटनेस वाढवला तर पार्श्वभूमी राखाडी व्हायची, पट्टे तरीही नाहीत. कमी केला तर सगळं बुडायचं. दोन पायऱ्या वर, तीन खाली, कॉन्ट्रास्ट, गॅमा (मधल्या छटांचा उजेड), पुन्हा ब्राइटनेस, असं रोज जेवणं आटोपल्यावर साडेबारा-एकपर्यंत. केबलवर संशय आला म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १८ जीबीपीएसची नवी एचडीएमआय केबल आणली. काही फरक नाही. पाचव्या रात्री मला रडू यायचं बाकी होतं.

सहाव्या रात्री पांढऱ्याचा पॅटर्न लावला. तिथेही वरचे पट्टे गायब! म्हणजे दोन्ही टोकं छाटली जात होती. तेव्हा लक्षात आलं की ब्राइटनेस वाढवून काळा उजळतो आणि तरी पट्टे येत नाहीत, याचा अर्थ माहिती प्रोजेक्टरच्या त्या बटणाआधीच कापली गेली आहे. मीडिया प्लेयरचा मेनू उघडला. आउटपुट 'आरजीबी फुल', म्हणजे ० ते २५५. प्रोजेक्टरचं इनपुट 'लिमिटेड', १६ ते २३५. प्लेयर शून्यापासून पाठवतोय आणि प्रोजेक्टर १६ च्या खालचं सगळं काळं धरतोय. प्लेयर बसवताना 'फुल' त्याच माणसाने केलं होतं, माझ्यासमोर, 'फुल म्हणजे फुल क्वालिटी' असं सांगून. दोन्हीकडे लिमिटेड केलं आणि तीन आठवडे नि सहा रात्रींचं काम एका क्लिकमध्ये झालं. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. तुमचं काळं बुडत असेल तर स्क्रीन, दिवा, केबल कशालाही हात लावण्याआधी दोन्हीकडची ही सेटिंग बघा.

पुढचं भाच्यामुळे झालं. तो फोटो प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, त्याने त्याचा कलरिमीटर, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, दोन दिवस दिला. तो ट्रायपॉडवर पडद्याकडे तोंड करून ठेवायचा आणि लॅपटॉपवर एचसीएफआर हे मोजणीचं सॉफ्टवेअर चालवायचं, तेही फुकट आहे. पांढऱ्याचं लक्ष्य डी-६५, म्हणजे व्हिडिओसाठी ठरलेला साधारण ६,५०० केल्व्हिनचा पांढरा (केल्व्हिनचा आकडा वाढला की पांढरा निळसर होतो). मीटरवर तो एक्स ०.३१२७, वाय ०.३२९० असा दिसायला हवा. आमचा पांढरा ७,८०० केल्व्हिनच्या आसपास, चांगलाच निळसर निघाला. उजळ भागातला रंग प्रोजेक्टरच्या मेनूतल्या 'गेन'ने आणि गडद भागातला 'बायस'ने सुधारतात, आणि एक हलवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून आळीपाळीने दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. उजेडाचा अंदाज हवा तर थिएटरच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट आहे (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप). अंधाऱ्या खोलीत तेवढं भरपूर होतं.

हो, आणि मोजण्याआधी प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवा, थंड दिव्याचा रंग वेगळा येतो. माझी पहिली मोजणी त्यातच वाया गेली. आमचं छतही पांढरं होतं, पडद्याचा उजेड तिथून परत पडद्यावर पडून काळा फिका व्हायचा. गडद मॅट रंग दिल्यावर तेही थांबलं. सगळे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. दिवा नवा असताना रंग सरकतो, म्हणून शंभरेक तास झाले की भाचा पुन्हा मीटर आणणार आहे.

काल रात्री तोच व्हिडिओ लावला. हलव्याचा दाणा न् दाणा सुटा, काट्यासकट. सून तिळगूळ द्यायला वाकली तेव्हा मी थांबवला आणि उठून पडद्याजवळ गेले. पदराच्या टोकाशी, काळ्यावर काळ्या दोऱ्याने मी कधीकाळी केलेलं रफू दिसत होतं.