मोटारहोम कुर्ल्याच्या गॅरेजात, पार्ट अजून जर्मनीत

जर्मनीत मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, वर्कशॉपला द्यायची तर आधी अपॉइंटमेंट, तीही बऱ्याचदा काही आठवड्यांनंतरची. एकदा गाडी आत गेली की मात्र पार्ट झटपट येतो. मुंबईत उलटं. मिस्त्री सकाळी चाक खोलतो, दुपारपर्यंत दुखणं सांगतो आणि पार्टासाठी दोन-दोन आठवडे जातात, कारण युरोपातली बरीच मोटारहोम ज्या फियाट डुकाटोवर बांधलेली असतात ती व्हॅन इथल्या शोरूममध्ये मिळतच नाही. म्हणून अशी गाडी इथे बिघडली तर मुंबई बघायची ती दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार.

तिकडे वर्कशॉपच्या आवारात गाडीतच झोपता येतं. इथे ती अपेक्षा धरू नका. चावी देण्याआधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, रिकामी करा, फ्रिज पुसून त्याचं दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर आपल्या दमट हवेत आठवड्यात बुरशी. गाडीतल्या दिवे-पंपांसाठी असलेल्या वेगळ्या बॅटरीचा मेन स्विचही बंद हवा. कंट्रोल पॅनेल आणि गॅस अलार्म थोडा थोडा करंट ओढत राहतात, आणि 12 व्होल्टच्या खाली पडून राहिलेली बॅटरी पुन्हा धड चार्ज होत नाही.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नये. ‘साहेब, येऊन बघून जा,’ असा फोन येतोच. कुर्ल्याच्या पुढचंच स्टेशन शीव. तिथला किल्ला इंग्रजांनी 1669 ते 1677 दरम्यान बांधला, वरून ठाण्याची खाडी दिसते. गाड्यांची आवड असेल तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय चुकवू नका, चालू आहे ना एवढं विचारून जा. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली आणि 31 मार्च 1964 ला बंद झाली, तो सगळा काळ तिथे मॉडेल आणि तिकिटांत दिसतो.

पार्ट मागवताना नुसतं मॉडेल आणि साल सांगणं ही सगळ्यात महागडी चूक. एकाच सालच्या डुकाटोत हलकी चासी (गाडीचा सांगाडा) 15 इंची चाकांवर आणि जड ‘मॅक्सी’ चासी 16 इंची चाकांवर असते, त्यामुळे ब्रेक वेगळे. चासी नंबराची 17ही अक्षरं पाठवा. कुरियरच्या केवायसीसाठी पासपोर्ट लागतो. पार्सलवरचं नाव त्यातल्या नावाशी जुळलं नाही की माल सहारला, विमानतळावर अडकला. बिलावर पार्ट नंबर आणि खरी किंमत असू द्या. जुना पार्ट मात्र भंगारात जाऊ देऊ नका. साधा बुश (नळीच्या तुकड्यासारखा पार्ट) असेल तर लेथवाला व्हर्नियर या मोजपट्टीने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी घेऊन संध्याकाळपर्यंत नवा वळून देतो, मग जर्मनीची वाट बघायचं कारणच उरत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत हा जुगाड अजिबात नको.

वाट बघण्याचे दिवस लांबच्या ठिकाणांना द्या. कान्हेरी आणि घारापुरी, दोन्ही लेणी सोमवारी बंद. सोमवार कस्टमच्या कागदांना. घारापुरीला गेटवेवरून लाँचने तासभर लागतो, पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. पावसात कान्हेरीच बरी: डोंगरातून येणारं पाणी कातळातल्या पन्हाळींतून टाक्यांत कसं उतरवलंय ते तेव्हाच कळतं. टाकीत लिटर मोजून पाणी भरणाऱ्यांनी तर ते बघावंच. हिवाळा-उन्हाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला ते चिखलात फार लांब जातात. कुर्ल्याहून हार्बरने सरळ शिवडी, पण रविवारी मेगाब्लॉक आधी तपासा.

गाडी हातात आल्यावर टेस्टला भल्या पहाटे घोडबंदर गाठा. नंतर त्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. खाडीकाठचा तो पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला. कुर्ल्याहून जाऊन-येऊन 50 किलोमीटरांपेक्षा जास्तच होतात, आणि चाक खोललं असेल तर साधारण तेवढ्या अंतरानंतर नट पुन्हा तपासायचे असतात. टॉर्क रेंचने, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. पान्यावर उभं राहून नव्हे.