चार ओळींची बातमी

१९ जुलै १९९८, रविवार. फुटबॉलचा विश्वचषक संपून आठवडा झाला होता आणि क्रीडा पानावर रात्रपाळीला मी एकटाच होतो. आमच्याकडे गोल्फ म्हणजे तळाची चार ओळींची बातमी. पण ब्रिटिश ओपनचा विजेता कळल्याशिवाय तीही सोडता येईना. रॉयल बर्कडेलच्या मैदानावर मार्क ओमेरा आणि ब्रायन वॉट्स २८० फटक्यांवर बरोबरीत होते (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो), बरोबरी सोडवायला चार होलचा प्लेऑफ चालू होता.

तोवर वृत्तसंस्थेची कॉपी वाचत बसलो. त्यात जस्टिन रोझ हे नाव भेटलं. इंग्लंडचा सतरा वर्षांचा हौशी खेळाडू. शेवटच्या होलवर त्याचा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, गेला होता. तिथून पन्नासएक यार्डांवरून त्याने तो थेट भोकात घातला! एकूण २८२, संयुक्त चौथा. हौशी, म्हणून बक्षिसाचा पैसा नाही. सर्वोत्तम हौशी खेळाडूचं रौप्यपदक तेवढं मिळालं. मी खुर्चीतून उठलोच. जिंकला ओमेरा. मथळा त्याला दिला, पण खालच्या चारांतल्या तीन ओळी रोझच्या.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ रागावले. "विजेता शोधावा लागतो रे या बातमीत!" त्यांचं बरोबरच होतं. मला मात्र आजही त्या ओळी कापाव्याशा वाटत नाहीत.

ओपन संपताच रोझ व्यावसायिक झाला. मग दर शुक्रवारी रात्री मी निकालाच्या यादीत खालून त्याचं नाव शोधायचो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे वरचेच खेळाडू पुढे खेळतात. त्याखालचे खेळाडू पदरचा खर्च करून रिकाम्या हाताने घरी जातात. रोझ असा सलग २१ वेळा घरी गेला. यातली एकही बातमी आम्ही छापली नाही. अठरा वर्षांच्या पोराने बाविसाव्यांदा बॅग उचलणं मला बर्कडेलच्या त्या फटक्याहून मोठं वाटतं.

जानेवारी २००२ मध्ये जोहान्सबर्गला, म्हणजे जन्मगावीच, तो डनहिल चॅम्पियनशिप जिंकला. त्याच वर्षी वोबर्नला ब्रिटिश मास्टर्स. लहानपणापासून त्याला शिकवणारे वडील, केन, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. सप्टेंबरात ते गेले.

ती बातमी आली तेव्हा आमचं पान लागलं होतं. मी ते पुन्हा उघडायला लावलं आणि तळाला चार ओळींची जागा केली.