आमची वाटचाल : पुलाला हलू देण्याचा धंदा

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर अजूनही १९९८ ची पाटी आहे : 'गेट, ग्रिल, शटर ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतील.' गेट बनवणं बंद करून वीस वर्षं होत आली, आता पुलांची कामं करतो. पाटी काढायची तेव्हा राहून गेली, आता काढवत नाही. महिन्यातून एखादा तरी माणूस ग्रिलचा भाव विचारायला येतो. त्याला चहा पाजून शेजारच्या शेडमध्ये पाठवतो.

माझं गाव कुही तालुक्यात. गावाच्या तोंडाशी नाला आणि त्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशी पूल. रपट्यावरून पाणी गेलं की गाव तुटायचं. मास्तर पलीकडे, पोरं अलीकडे. दवाखान्यात न्यायची बाई खाटेवर, आणि चौघं जण नाल्याकडे बघत उभे. आमच्याच तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेवर आज ७०५ मीटरचा केबल-स्टेड, म्हणजे उंच खांबांना तारांनी तोलून धरलेला पूल आहे. रविवारी तिथं फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. आम्ही मात्र पलीकडच्या भंडारा जिल्ह्यात मामाजींकडे डोंग्यातून जायचो. म्हणून मी पुलांच्या धंद्यात आलो, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण खरं कारण पोट. आयटीआय करून फिटर झालो, नोकरी टिकली नाही, एक वेल्डिंग मशीन उधारीवर घेतलं.

पुलाशी पहिला संबंध २००३ मध्ये आला. एका ठेकेदाराला नाल्यावरच्या पुलाच्या पिअरसाठी लोखंडी शटरिंग हवं होतं. पिअर म्हणजे पुलाचा खांब. शटरिंग म्हणजे त्याचा साचा, त्यात ओलं काँक्रीट भरायचं. म्हटलं, गोल डबाच तर करायचा आहे. केला. दोन प्लेटांच्या सांध्यात कुठेतरी २ मिलिमीटरची फट राहिली. काँक्रीट ओतून व्हायब्रेटर लावला तसा त्या फटीतून सिमेंटचा रस झिरपला, आणि शटर खोललं तेव्हा खांबाच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गिट्टी उघडी पडलेली. साइटवर याला हनीकोंब म्हणतात. ठेकेदार काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक शटरच्या सांध्यात फोमची पट्टी असते आणि माल पाठवण्याआधी आम्ही शेडमध्येच त्यात पाणी भरून बघतो.

पुढची पाच-सहा वर्षं शटरिंगचीच. त्या काळात साइटवर उभं राहून पूल शिकलो. आधी खाली काय आहे ते बघायचं. नागपूरच्या पश्चिमेला काळी माती उकरली की बहुतेक ठिकाणी काळा कातळ लवकर लागतो. काळ्या मातीवर मात्र काहीच टेकवायचं नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कातळ खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब, घ्यायची : भोक पाडायचं, कडा ढासळू नयेत म्हणून ते बेंटोनाइट नावाच्या मातीच्या घोळानं भरलेलं ठेवायचं, जाळी सोडायची, आणि नळी तळापर्यंत नेऊन काँक्रीट खालून वर भरत आणायचं. मोठ्या नदीच्या वाळूत विहीर उतरवतात. आतली वाळू उपसत गेलं की ती स्वतःच्या वजनानं खाली बसत जाते. मग पिअर, त्याच्या डोक्यावर पिअर कॅप, कॅपवर गर्डर म्हणजे लांब तुळया, आणि गर्डरवर डेक स्लॅब, ज्यावरून रस्ता जातो.

आणि गर्डर व कॅप यांच्या मधे, कोणाला न दिसणारी एक रबराची वीट. तिच्यावरच आज आमच्या तेवीस जणांची घरं चालतात.

ही वीट म्हणजे इलॅस्टोमेरिक बेअरिंग. कापली तर आत चिरोट्यासारखे पदर दिसतात : रबर, पत्रा, रबर, पत्रा, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले. नुसतं रबर वजनाखाली बाजूंना फुगलं असतं. पत्रे त्याला धरून ठेवतात. पण आडवं ढकललं तर ते खुशाल सरकतं. हे सरकणं कशाला हवं, ते नागपूरकराला चटकन कळेल. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ वर गेला होता, २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ वर उतरला होता. काँक्रीट हवेइतकं झपाट्यानं तापत नाही, तरी पुलाच्या अंगात ३० अंशांचा फरक धरा. १ अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढ, ३० मीटरचा स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा : जवळपास ११ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीइतकं. इतक्यानं काय होतं? जागा ठेवली असेल तर काहीच नाही. नसेल तर तो पाचशे टनांचा स्पॅन खांबाच्या डोक्याला ढकलतो, आणि कुठेतरी काँक्रीट फुटतं.

रस्त्यावरून जाताना चाकाखाली 'धडक-धडक' वाजतं तो एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे दोन स्पॅनमधली मुद्दाम ठेवलेली फट, याचसाठी असतो. त्याबद्दल एक तक्रार करून घेतो. पुलावर डांबराचा नवा थर देताना तो जॉइंट खुशाल बुजवून टाकतात. गाडीवाले खूश, गुळगुळीत रस्ता! पुढच्या मे महिन्यात डांबराला उंचवटा येतो, मग आम्हाला फोन. मी स्वतः एका जॉइंटमधून डांबराची ढेपं, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल आणि संत्र्याच्या वाळलेल्या साली काढल्या आहेत.

बेअरिंग बदलायचं काम पहिल्यांदा २००९ मध्ये घेतलं. वीस-पंचवीस वर्षांनी रबर कडक होतं, चिरतं, बदलावं लागतं. त्यासाठी पूल उचलावा लागतो. पुलाखालचा चहावाला पहिल्या रात्री म्हणाला, "काऊन भाऊ, पूल का बैल हाये, उठवाले?" बैल उठवणं सोपं, तो स्वतः थोडा जोर लावतो. इथं स्पॅनच्या एका टोकावर अडीचशे टन. गर्डर जिथं आडव्या बीमनं बांधलेले असतात तिथं चपटे हायड्रॉलिक जॅक लावायचे, सगळे एकाच पंपावर. जवळच डायल गेज, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं. फोरमन दर मिलिमीटरला थांबवतो. एका जॅककडे पूल जास्त उचलला गेला तर स्लॅब पिळवटतो. ५-६ मिलिमीटर वर आला की जॅकचे लॉकनट आवळायचे, म्हणजे तेलाचा दाब गेला तरी पूल खाली बसणार नाही. मग जुनं बेअरिंग ओढून काढायचं, पेडेस्टल, म्हणजे बेअरिंगखालचा ओटा, घासून लेव्हल करायचं, नवं बसवायचं. सगळं होताना कोणी मोठ्यानं बोलत नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

त्या पहिल्याच कामात ८ बेअरिंग चुकीची बसली. माप ३२० बाय ५०० मिलिमीटर. आखूड बाजू पुलाच्या लांबीच्या दिशेनं हवी, कारण वजन आल्यावर गर्डर मधे वाकतो, त्याचं टोक किंचित फिरतं, आणि आखूड बाजूवर ते सहज फिरतं. आमच्या पोरांनी नेमकी आडवी-उभी अदलाबदल केली. सकाळी टॉर्च घेऊन आलेल्या इंजिनिअर साहेबांनी एकच वाक्य उच्चारलं, "काढा." पुन्हा परवानगी, पुन्हा जॅकचं भाडं, पावणेदोन लाखांचा फटका. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. चूक आमची होती, त्यामुळे रडता येत नव्हतं. आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बेअरिंगवर आधी पिवळ्या ऑइलपेंटनं बाण काढला जातो, मगच ते शेडबाहेर पडतं. (रडायचं काम नंतर एका खात्यानं पुरवलं. केलेल्या कामाचं बिल चौदा महिने अडकलं. त्या पैशात पाटल्या सुटल्या असत्या.)

२०१९ मध्ये सह्याद्रीतल्या एका बोगद्यासाठी लॅटिस गर्डरची ऑर्डर मिळाली. बोगद्याच्या छताला आधार देणारी, तीन सळ्यांची, कमानीच्या आकाराची शिडी म्हणा. माल पोचवायला गेलो आणि दोन दिवस राहिलो. खडकाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर निघू द्यायचा, सैल दगड पाडायचे, मलबा काढायचा, आणि लगेच उघड्या खडकावर शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट, मारायचं, रॉकबोल्ट म्हणजे खडकात खोल जाणाऱ्या सळ्या ठोकायच्या. मग पुढचे दोन-तीन मीटर. मला वाटत होतं, खडकाला घट्ट टेका देऊन जागच्या जागी रोखायचं असतं. तिथला सर्व्हेअर हसला. भिंतीवर लावलेल्या चकत्या किती मिलिमीटर सरकल्या ते तो रोज दुर्बिणीतून मोजत होता. "परवा ५, काल ३, आज १," म्हणाला, "थांबतोय." बोगदे खोदायच्या या ऑस्ट्रियन पद्धतीत खडकाला थोडं सैल होऊ देतात, म्हणजे तो स्वतःच कमान धरून आपलं बरंचसं ओझं पेलतो, आधार त्या बेतानं द्यायचा. आधार उशिरा दिला तर खडक अंगावर येतो. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसारा घाटात ट्रकमागे तास काढलेल्या माणसाला तो कशाला हवा होता ते सांगावं लागत नाही.

नागपुरात पुलांची हौस दांडगी. वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल, वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर. गड्डीगोदामला तर चार मजले : खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, रेल्वेवरचा तो लोखंडी सांगाडा १,६५० टनांचा. पाहुणे आले की मी त्यांना दीक्षाभूमीनंतर तिकडेच नेतो आणि घरचे वैतागतात. आम्ही यातलं काहीही बांधलेलं नाही. पण बांधलेल्या प्रत्येक पुलाची रबरं कधीतरी म्हातारी होणार.

मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली, आता तीच बघते. जॅकना सेन्सर लावले, आकडे लॅपटॉपवर दिसतात. फोरमन काकाजी तरी डायल गेज लावतातच. तिनं ते बंद करायला सांगितलेलं नाही.

सध्या हातात १४ स्पॅनचं काम आहे, स्पॅनला चार गर्डर, म्हणजे ११२ बेअरिंग. परवानगी रात्री ११ ते ५. काल शेडमध्ये पहिल्या ४० वर बाण काढून झाले, रंग वाळायला ठेवलाय.