एक्स्टेन्शन टाकू की सॉफ्टवेअर?

“स्क्रीनशॉट काढायला एक्स्टेन्शन टाकू की सरळ सॉफ्टवेअरच घेऊ?” असं विचारणारे बहुतेकजण क्रोमच्या एका सूचनेने बिचकलेले असतात. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, आणि ती टाकताना सूचना येते: हे एक्स्टेन्शन सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सूचना खरी आहे. बँकेचं पानही त्यात आलं. पण विंडोजवर डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत बसवतो, तेव्हा ते असलं काही सांगत नाही. आणि आधारची स्कॅन कॉपी, रिटर्नच्या पीडीएफ, सगळं त्याला बहुधा तुमच्याइतकंच मोकळं असतं. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत कोंडलेलं. डिस्कवरच्या फायली त्याला एरवी दिसत नाहीत. तोंडावर सांगणाऱ्याला आपण दारात अडवतो आणि मुकाट घरभर फिरणाऱ्याला चहा विचारतो! मॅक जरा बरा. 2019च्या कॅटालिना या आवृत्तीपासून तिथे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्समध्ये शिरायला अ‍ॅपला परवानगी लागते.

मग एक्स्टेन्शनच बरं? तसंही नाही, कारण एक्स्टेन्शन विकलं जातं. न वापरलेले टॅब झोपवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरत होते. 2020मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी 2021मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. अपडेट आपोआप येतात. जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम एक्स्टेन्शन थांबवून तुम्हाला विचारतो. पण सगळ्या साइटची परवानगी आधीच देऊन टाकली असेल, तर नव्या मालकाने मागायचं तरी काय? अर्थात सॉफ्टवेअरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. 2017मध्ये कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सीसीक्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच मालवेअर घुसवलं होतं.

म्हणून मी काम काय आहे ते आधी पाहते. जाहिराती अडवायच्या तर बहुधा सगळ्या साइटची परवानगी द्यावी लागते, तिथे मी देते. कूपन शोधणाऱ्याला मुळीच नाही. बाकीच्यांचा साइट अ‍ॅक्सेस क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘क्लिक केल्यावर’ एवढाच ठेवायचा. पीडीएफ जोडायच्या असतील तर मात्र मी सॉफ्टवेअरच्या बाजूची, कारण एक्स्टेन्शनच्या नावाखाली फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर जाण्याची शक्यता असते.

आणि स्क्रीनशॉटला यातलं काहीच नको. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा. अख्खं लांब पान हवं असेल, तर फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करा, सोय तिथेच आहे.