हजार वर्षं तोडलं जाणारं रान

ब्रॅडफील्ड वूड्समध्ये शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मी मोठी झाडं शोधत होते. इंग्लंडमधलं प्राचीन रान बघायला निघालेय म्हटल्यावर डोळ्यांपुढे कवेत न मावणारी खोडं होती. प्रत्यक्षात समोर होत्या मनगटाएवढ्या काठ्या. एकेका जागेवरून दहा-पंधरा काठ्यांचा झुबका वर उठलेला, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचा झुबका. अधूनमधून एखादा ओक, तोही फार तर शे-दीडशे वर्षांचा. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लागवड केली असावी असंच वाटत होतं. मग एका झुबक्यापाशी वाकून त्याचा बुडखा पाहिला. वरच्या काठ्या कोवळ्या, पण त्या ज्यातून निघाल्या होत्या तो खुंट शेवाळलेला, गाठाळ, आतून पोकळ आणि बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद होता. या रानाचं वय शोधायचं तर मान वर नाही, खाली करायला हवी होती.

हे रान इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात आहे. केंब्रिजहून आगगाडीनं बरी सेंट एडमंड्सला उतरायचं, तिथून सायकलनं साधारण अकरा किलोमीटर. केंब्रिजच्या आसपासची शेतं मोठी आणि पट्टीनं आखल्यासारखी आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी कागदावर रेघा मारून ती पाडली आणि रस्तेही तसेच सरळसोट काढले. सफोकमध्ये सायकलवर बसले आणि रस्ता शंभर पावलंही सरळ जाईना. दोन्ही बाजूंना झुडपांची दाट कुंपणं, शेतं वाकडीतिकडी, तीन-चार घरांची वस्ती लागते न लागते तोच पुन्हा वळण. भूभागाचा इतिहास वाचणारे लोक या मुलखाला ‘प्राचीन मुलूख’ म्हणतात. इथले रस्ते, बांध आणि रानं कुणी एका बैठकीत आखलेली नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनं ती पडली आहेत.

रानाची हद्दही तशीच. कडेनं एक चर जातो आणि चराच्या आतल्या अंगाला मातीचा बांध. चर बाहेर, बांध आत. शेतातली गुरं रानात घुसून कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून मध्ययुगात केलेली ही सोय. शेकडो वर्षांच्या पावसानं बांध आता कमरेइतकासुद्धा उरलेला नाही, चर पालापाचोळ्यानं अर्धा बुजलाय, तरी ओळ स्पष्ट दिसते. ती नागमोडी आहे. मी बराच वेळ त्या बांधावरूनच चालत राहिले, पायांना ती वळणं कळावीत म्हणून.

इंग्लंडमध्ये ‘एन्शंट वुडलँड’ म्हणायला एक ठरलेली कसोटी आहे: ती जागा किमान सन १६०० पासून सलग रान असली पाहिजे. त्याआधी मुद्दाम झाडं लावून रान उभं करायची रीत फारशी नव्हती, म्हणून १६०० साली जे रान होतं ते त्याहून कितीतरी जुनं असणार, असा त्यामागचा विचार. अशी रानं आता अख्ख्या ब्रिटनच्या जमिनीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास उरली आहेत. ब्रॅडफील्डची नोंद तर १२५२ सालची सापडते. हे रान बरी सेंट एडमंड्सच्या बेनेडिक्टाइन मठाच्या मालकीचं होतं. त्याच्या एका भागाला अजूनही ‘मंक्स पार्क’ म्हणतात, दुसरा ‘फेल्शमहॉल वूड’. मठाला सरपण हवं, कुंपणं हवीत, अवजारांना दांडे हवेत, ते सगळं इथून जायचं.

तो मठ मी सकाळीच पाहिला होता. १०२० साली स्थापन झालेला, आपल्या काळी इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत तो बंद केला गेला आणि गावकऱ्यांनी त्याचे घडीव दगड काढून नेले. आता बागेत गारगोट्या आणि चुन्याचे उघडे गाभे उभे आहेत, कुजलेल्या दातांसारखे. दगडाचा मठ असा झाला, आणि त्याचं काठ्यांचं रान मात्र अजून कामावर आहे. ही गोष्ट दिवसभर माझ्या मनातून गेली नाही.

कामावर म्हणजे अक्षरशः. रानाच्या मधल्या एका मोकळ्या जागेत साठीचे एक गृहस्थ ठोकळ्यावर बसून हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या चिरत होते. हातात वाकड्या पात्याचा कोयता. काठीच्या टोकाला पातं लावून हलकेच ठोकायचं, मग पातं नुसतं पिळत न्यायचं, की काठी टोकापर्यंत उभी फाटते. चार चिरा झाल्या की दोन्ही टोकं टोकदार करायची. गवताने शाकारलेल्या छपरात गवत दाबून धरायला या काड्या लागतात. शेवटी त्यांनी एक काडी मधोमध धरून पिळली, आधी पीळ आणि मग वाक, आणि ती न मोडता केसांच्या आकड्यासारखी दुमडली. ‘सरळ वाकवली तर मोडते. पिळली की तंतू सुटे होतात,’ म्हणाले. काडी माझ्या हातात दिली. ओली होती, आणि पीळ दिलेल्या जागी धाग्यांचा दोर वळल्यासारखी दिसत होती.

त्यांच्याकडून कॉपिसिंगचं काम नीट समजून घेतलं. हिवाळ्यात, झाडातला रस उतरलेला असताना, एक तुकडा जमिनीलगत तोडायचा. वसंतात खुंटातून धुमारे फुटतात, आणि मुळं जुनी, खोल गेलेली असल्यामुळे ते झपाट्यानं वाढतात. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच तुकड्याची पाळी पुन्हा येते. मधले काही ओक मात्र राखून ठेवायचे, ते घरांच्या तुळयांसाठी. जवळच्या लॅव्हनम गावात पंधराव्या शतकात लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली घरं आदल्या दिवशी पाहिली होती. ओकचा सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती, म्हणजे काठ्यांची वीण आणि वर मातीचा लेप. अशा घराचे दोन्ही भाग असल्या रानातून जायचे: सांगाडा राखलेल्या ओकमधून, कूड तोडलेल्या हेझलमधून.

‘तोडल्यानं झाड मरत नाही का?’ असं मी विचारलंच. ते म्हणाले, ‘हे तोडलं म्हणून जगलंय.’ नुसतं वाढू दिलं तर अ‍ॅशचं झाड साधारण दोनेकशे वर्षांत थकतं, वाऱ्यानं मोडतं. जमिनीलगत तोडत राहिलं तर जमिनीवरचा भाग कधी म्हातारा होतच नाही. खुंट मात्र दर खेपेला थोडा बाहेर सरकतो, मधला भाग कुजतो, आणि हळूहळू त्याचं कडं होतं. फेल्शमहॉलमध्ये अ‍ॅशचा असा एक खुंट आहे, व्यास अठरा फुटांवर. त्याचं वय हजार वर्षांच्या आसपास मानतात.

त्या खुंटापाशी पोचण्याआधी फुलांबद्दल. दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्यात गेले आणि थबकले. इतकी वर्षं सावलीत दबून राहिलेली जमीन उजेड मिळताच उघडली होती. फिकट पिवळी ऑक्सलिपची फुलं, एका दांड्यावर दहा-बारा, सगळी एकाच बाजूला माना टाकून. गुडघे टेकून वास घेतला, जर्दाळूसारखा, अगदी मंद. ब्रिटनमध्ये हे फूल मुख्यतः सफोक, केंब्रिजशर आणि एसेक्सच्या चिकणमातीच्या रानांत उरलंय. ही माती सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमनद्यांनी खडूचे डोंगर घासत आणून इथे टाकली. ऑक्सलिपशेजारी जांभळ्या ऑर्किडचे तुरे, त्यांच्या पानांवर शाई सांडल्यासारखे काळपट ठिपके. आणि अ‍ॅनिमोनी, पांढऱ्या, ढग आला की पाकळ्या मिटणाऱ्या. अ‍ॅनिमोनीचं बी इथे क्वचितच रुजतं. ती जमिनीखालच्या कंदमुळानं सरकते, शंभर वर्षांत सहा फूट. मी उभी होते तिथून पलीकडच्या ओकपर्यंत ती पसरलेली होती. दोन पावलांचं अंतर कापायला या फुलाला एक शतक लागतं, हे कळल्यावर मला वाटेवरून खाली पाय ठेववेना.

तुकडे वेगवेगळ्या वयाचे असल्यामुळे प्रत्येकाला आपापली जागा मिळते. ताज्या तोडीत फुलं आणि फुलपाखरं, सहा-सात वर्षांच्या दाटीत पक्षी, त्याहून जुन्या हेझलवर हेझलनट धरतात तेव्हा डॉरमाउस. तळहातावर मावेल असा हा सोनेरी प्राणी थंडीभर जमिनीवर पाचोळ्यात गोळा होऊन झोपतो. मला तो दिसला नाही, दिसायचाही नव्हता, तो रात्रीचा.

त्रास देतात ती हरणं. त्यात मुंटजॅक नावाचं एक बुटकं हरीण, आपल्या भेकराचं चिनी भावंड. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या खासगी बागांतून सुटलं आणि देशभर पसरलं. कोवळे धुमारे आणि ऑक्सलिपच्या कळ्या त्याला फार आवडतात. म्हणून प्रत्येक ताज्या तोडीभोवती उरलेल्या फांद्या रचून छातीभर उंच कुंपण केलेलं असतं. जुन्या बांधाचंच काम, नव्या शत्रूसाठी.

दुपारी त्या मोठ्या खुंटापाशी पोचले. खुंट म्हणावं तर ते एक मोठं कडं आहे, मधे मी सहज उभी राहिले असते, पण राहिले नाही. कडेनं अ‍ॅशच्या काठ्या, राखाडी, गुळगुळीत, आणि त्यांच्या टोकांना कोळशाच्या खड्यासारख्या काळ्या कळ्या. अ‍ॅशला पालवी उशिरा फुटते, त्यामुळे अजून सगळं उघडंच होतं. आजूबाजूच्या कोवळ्या अ‍ॅशच्या सालीवर, फांदी फुटते त्या जागी, शंकरपाळ्याच्या आकाराचे तपकिरी डाग दिसले. हा बुरशीचा रोग, अ‍ॅश डायबॅक. बुरशी मूळची पूर्व आशियातली, ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडली. तिचे बीजाणू वाऱ्यावरून येतात, पानातून शिरतात आणि झाड टोकाकडून वाळत जातं. काही थोडी झाडं तिला पुरून उरतात. या खुंटानं मठ पाहिला, मठाचा शेवट पाहिला, चाळीसेक वेळा तरी कुऱ्हाड सोसली. मी त्याच्या सालीवरून हात फिरवला आणि डाग शोधत बसले. सापडला नाही. पण वरची टोकं माझ्या नजरेच्या फार वर होती, आणि पालवी यायला अजून दोन आठवडे होते.

कुऱ्हाडीपेक्षा मोठा घाव या रानावर माणसानं विसाव्या शतकात घातला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मंक्स पार्कचा मोठा भाग मुळांसकट उपटून शेतीखाली आणला. सातशे वर्षांची तोड ज्याला संपवू शकली नाही, ते यंत्रांनी काही महिन्यांत संपवलं, कारण इथे खुंटच राहिला नाही. आसपासच्या लोकांनी जोर धरला आणि १९७० साली उरलेलं रान निसर्गसंवर्धनासाठी विकत घेतलं गेलं. आज ते सफोक वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे. संध्याकाळी त्या बाजूला गेले. झाडं एकदम थांबतात आणि पुढे हिरवागार गहू. चांगलं पीक होतं. मी त्यात एक तरी अ‍ॅनिमोनी दिसते का ते पाहत कडेनं चालले. नव्हती. सहा फुटांना शंभर वर्षं, आणि नांगर दरवर्षी.

परत निघताना ऊन उतरलं होतं. सायकल हातात धरून वाटेनं चालत होते, तेवढ्यात डावीकडच्या दाटीतून, सहा-सात वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्यातून, एक बारीक, लांबट शीळ आली, हळूहळू चढत गेली, आणि मग एकदम घशातून घुमवलेले टपोरे सूर. नाइटिंगेल. पश्चिम आफ्रिकेतून इतकं अंतर उडून तो याच झुडपांसाठी येतो, आणि अशी झुडपं कमी झाल्यानं गेल्या पन्नासेक वर्षांत ब्रिटनमधले बहुतेक नाइटिंगेल नाहीसे झाले आहेत. पक्षी दिसला नाही. मी सायकल कुंपणाच्या फांद्यांना टेकवली आणि तो गात होता तोवर तिथेच उभी राहिले. सातची गाडी गेली. आठचीही गेली.