इस्त्री केलीय असं दिसायला नको

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाचा आला. हातात चुरगळलेला काळा टी-शर्ट, छातीवर त्याच्या कंपनीचं नाव.

"मामा, एवढी इस्त्री मारून दे ना. उद्या बाणेरला पिच आहे, गुंतवणूकदारांसमोर कंपनी मांडायचीय." आणि मी उठतोय तोवर, "पण अशी मार, की इस्त्री केलीय असं दिसायला नको."

मला वाफेची इस्त्री पटत नाही. भांड्यातलं पाणी बोटांनी शिंपडायचं, कपडा गुंडाळून पाच मिनिटं ठेवायचा, मग इस्त्री. बाहीवर धार अशी आली पाहिजे की बोट कापेल. आणि हा म्हणतो, धार नको! मी निमूटपणे शिवण मधोमध घेऊन बाही फिरवत बसलो.

तो शेजारी बसून मला शहाणं करत होता. सूट घातला की संपलंच म्हणे. २००४ मध्ये फेसबुकात पाच लाख डॉलर घालणाऱ्या पीटर थीलचा नियमच आहे, टेक कंपनीचा सीईओ सुटात आला तर पैसे घालायचे नाहीत. २०१२ मध्ये फेसबुकचे शेअर बाजारात यायच्या आधी झुकरबर्ग न्यूयॉर्कला गुंतवणूकदारांसमोर हुडी घालून गेला. एका विश्लेषकानं त्याला पोरकटपणा म्हटलं. शेअर यायचे ते आलेच.

"आणि तो हाफ पँटवाला? क्रिप्टोचा बाजार चालवणाऱ्या एफटीएक्सचा?" मी विचारलं. २०२२च्या नोव्हेंबरात त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली, एवढं मीही वाचलेलं. "शिवाय काळा रंग कशाला? ती रक्ततपासणीच्या कंपनीवाली एलिझाबेथ होम्स काळं टर्टलनेक घालूनच हिंडायची. गुंतवणूकदारांना फसवलं म्हणून दोषी ठरली."

"मामा, हा राउंड नेक आहे."

यावर काय बोलणार!

आमच्या घरी हा विषय सन ८३ की ८४ मध्ये चांगलाच पेटला होता. बाबांची पिठाची गिरणी होती. शेजारी मिरचीकांडपाचं यंत्र घालायचं म्हणून बँकेत कर्ज मागायचं ठरलं. काय घालून जायचं? सफारी, यावर एकमत झालं, कारण चांगला कपडा तेवढाच होता. वाद झाला अंगठीवरून. आजी म्हणाली, "मागायला जाताना बोटात सोनं कशाला? याला काय कमी आहे, म्हणेल तो." आई म्हणाली, "बोट मोकळं दिसलं तर फेडणार कशानं, म्हणेल." दोघींचंही खरं होतं.

मी सायकलच्या कॅरिअरवर. बँकेच्या पायरीशी बाबांनी अंगठी काढून खिशात टाकली. दोन पायऱ्या चढून परत घातली. मग पुन्हा काढली आणि माझ्या हातात दिली. "मुठीत धर. उघडू नकोस."

मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मी मूठ आवळून उभा. साहेब कागद उलटत होते, बाबा खुर्चीच्या कडेला टेकलेले. खिडकीतून त्यांच्या कानावर ऊन आलं होतं आणि तेव्हा मला दिसलं, कानाच्या वरच्या वळीत पीठ राहिलंय. दोनदा साबण लावून आंघोळ केली होती त्यांनी. पुसावं म्हटलं तर एका हातात अंगठी, आणि दुसऱ्या हातानं पुसायचं तर साहेबांचं लक्ष जाणार. मी नुसताच कानाकडे बघत राहिलो. घरी आल्यावर मुठीत अंगठीचा गोल उमटला होता.

टी-शर्ट झाला. भाच्यानं उजेडात धरून पाहिला, खांद्यावर एक बारीक रेघ राहिली होती ती तळव्यानं चोळून घालवली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच फोन केला.

"ते लोक काय घालून आले होते रे?"

"सगळे जॅकेटात, मामा. एसी केवढा लावला होता! मी कुडकुडत बोलत होतो."

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

बाबांनाही साहेब हेच म्हणाले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तो सफारी खुंटीवर तसाच होता. आई धुवायला मागायची. बाबा म्हणायचे, राहू दे, पुन्हा बोलावलं तर लागेल.